बालहृदयाची चुकलेली लय

दिवाळी सरली कीं बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतून हजारों कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडणीस निघतात. संसाराबरोबर मुलेंही गाडींत चढतात. मागें राहून जाते ती पुष्कळदां लशीची तारीख. ही चूक क्षुल्लक वाटते. परंतु तिची किंमत एखादे वेळीं मुलाच्या हृदयाला मोजावी लागते.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यांत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यांतून निघालेली विजेची सूक्ष्म लहर ठराविक वाटेनें खालच्या कप्प्यांत उतरते आणि ठोका पडतो. स्नायूचा दाह झाला म्हणजे ही वाट अडते, किंवा भलत्याच जागीं लहरी उठूं लागतात. मग नाडी कधीं भरधांव सुटते, कधीं ठोका गाळते, तर कधीं अगदीं मंदावते. असा दाह बहुधा विषाणूंमुळें होतो. कांहीं वेळां मात्र त्याचें मूळ घटसर्पांत असतें.

घटसर्पाचा जंतु ठाण मांडतो घशांत. हृदयापर्यंत पोंचतें तें त्याचें विष. रू व येर्सिन यांनीं हें विष १८८८ सालीं दाखवून दिलें. तें पेशींतील प्रथिनांची घडणच बंद पाडतें. यांत फसगत अशी कीं, घसा सुधारूं लागतो, आईबाप निश्चिंत होतात, आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास हृदय बिघडतें. ताप उतरूनही मूल फिकट व मलूल दिसणें, धाप लागणें, भोंवळ येणें, नाडी फार जलद वा फार मंद लागणें, हीं धोक्याचीं चिन्हें होत. पांच वर्षांच्या मुलाची नाडी मिनिटास सुमारें ८० ते १२० असते. लहरीची वाट पूर्ण तुटल्यास ती ५० च्याही खालीं जाऊं शकते.

प्रतिविष रक्तांतील मोकळें विष निष्प्रभ करतें. पेशींत शिरलेल्या विषापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. म्हणून संशय येतांच मुलास मोठ्या रुग्णालयांत न्यावें. बीड जिल्ह्यांत अंबाजोगाईस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें पूर्ण विश्रांति, हृदयालेखाची देखरेख व प्रसंगीं ठोका चालविणारें तात्पुरतें यंत्र, हे उपचार असतात.

खरा उपाय लशीचाच. ६, १० व १४ आठवडे, दीड वर्षाच्या सुमारास, पुढें ५, १० व १६ व्या वर्षीं ती सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. मुक्कामाच्या गांवींही मिळते. एखादी मात्रा चुकल्यास पुन्हां आरंभापासून सुरुवात नको. राहिलेली तेवढी घ्यावी. शेवटच्या मात्रा शहरांतील सुशिक्षित घरांतही विसरल्या जातात. तेव्हां कोयत्याबरोबर जसें लशीचें कार्ड फडावर जावें, तसें तें शहरांतील कपाटांतूनही आजच बाहेर निघावें.