किलीमासे

अस्थिमत्स्यांच्या सायप्रिनोडॉंटिफॉर्मिस गणातील अंडी घालणाऱ्या लहान माशांना सामान्यपणे किलीमासे म्हणतात. गपी, मोली इ. पिलांना जन्म देणारे मासे याच गणातील असले, तरी त्यांचा समावेश किलीमाशांत होत नाही. ओढा किंवा पाण्याचा अरुंद प्रवाह या अर्थाच्या ‘किल’ या डच शब्दावरून हे नाव आले असावे. यांच्या हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. बहुतेकांची लांबी २.५–५ सेंमी. असते. नराच्या अंगावरील निळा, तांबडा, हिरवा व पिवळा या रंगांच्या मनोहर मिश्रणामुळे घरगुती जलजीवालयांत ते हौसेने पाळले जातात.

भारतात ॲप्लोकायलस प्रजातीचे किलीमासे आढळतात. त्यांच्या डोक्यावर चकाकणारा पांढरा ठिपका असतो. ॲप्लोकायलस लिनिएटस ही जाती पश्चिम घाटातील ओढ्यांत व दक्षिण भारतातील तळ्यांत राहते. हे मासे पृष्ठभागालगत वावरतात व डासांच्या अळ्या खातात.

जीवनक्रम : जीवनक्रमावरून यांचे दोन मुख्य गट पडतात. कायम पाणी असलेल्या ठिकाणी राहणारे मासे पाणवनस्पतींवर अंडी चिकटवितात, उदा., गाबाँमधील ॲफिओसेमिऑन ऑस्ट्राले, नायजेरिया व कॅमेरून येथील फंड्युलोपँचॅक्स गार्डनेरी. दुसरा गट वार्षिक माशांचा होय. पूर्व आफ्रिकेतील नॉथोब्रँकियस व दक्षिण अमेरिकेतील ऑस्ट्रोलेबियस या प्रजाती पावसाळी डबक्यांत राहतात. डबके आटले की मासे मरतात, परंतु चिखलातील अंडी जिवंत राहतात. त्यांतील भ्रूणांची वाढ ठराविक टप्प्यांवर थांबते व पुढील पावसात पिले बाहेर पडतात. सर्व अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. त्यामुळे अवकाळी पावसाने एखादी पिढी नष्ट झाली, तरी वंश टिकतो. नॉथोब्रँकियस फर्झेरी हा मासा निसर्गात सु. दोन आठवड्यांत प्रजननक्षम होतो, असे मोझँबीकमधील निरीक्षणांवरून २०१८ मध्ये दाखवून देण्यात आले. अल्पायुष्यामुळे वार्धक्याच्या संशोधनात या जातीला महत्त्व आले असून तिचा जीनोम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ओळख : जाती ओळखण्यासाठी प्रौढ नराचा आधार घेतात. शरीरावरील ठिपके व पट्टे, पुच्छपक्षाचा आकार व त्याच्या कडांचे रंग, गुदपक्षाच्या संदर्भात पृष्ठपक्षाचे स्थान, पक्षांतील अरांची व खवल्यांची संख्या ही लक्षणे पाहतात. ॲ. ऑस्ट्रालेच्या नराचा पुच्छपक्ष वीणेच्या आकाराचा असून त्याची टोके लांबलेली असतात. नॉ. गुंथेरीच्या नराचा पुच्छपक्ष तांबडा व काळ्या कडेचा असतो. रंग हे मात्र अपुरे लक्षण आहे. ॲ. ऑस्ट्रालेचा मूळ रंग तपकिरी असून नारिंगी प्रकार जलजीवालयात निपजलेला आहे. फं. गार्डनेरीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या नरांत पक्षांच्या कडा कोठे पिवळ्या, तर कोठे निळसर असतात. माद्या फिक्या असून निकटच्या जातींत त्या एकमेकींपासून ओळखणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जातीच्या नावाबरोबर मासा मूळ जेथे पकडला त्या ठिकाणाचे नाव व संग्रहाचा संकेतांक लिहिण्याची प्रथा आहे.

या नोंदीचे महत्त्व नॉ. राकोवीच्या उदाहरणावरून लक्षात येते. एकच जाती समजल्या जाणाऱ्या या माशांतून २०१० मध्ये नॉ. पिनारी व नॉ. क्रिसानोवी या दोन नव्या जाती वेगळ्या करण्यात आल्या. ठिकाणाच्या नोंदीसह जपलेल्या माशांना नवे नाव देता येते. मिसळून गेलेल्या किंवा चिठ्ठी हरवलेल्या माशांचे मूळ पुन्हा ठरविता येत नाही.

निगा : एका जोडीला १०–२० लिटरची टाकी पुरते. हे मासे उड्या मारतात, म्हणून टाकीवर फट नसलेले झाकण ठेवतात. तापमान २२°–२४° से. ठेवतात. ॲफिओसेमिऑनला मृदू व किंचित अम्लीय, तर नॉथोब्रँकियसला उदासीन व काहीसे कठीण पाणी मानवते. आर्टेमियाची पिले, डॅफ्निया व डासांच्या अळ्या असे जिवंत अन्न त्यांना देतात.

प्रजनन : वनस्पतींवर अंडी घालणाऱ्या जातींसाठी टाकीत लोकरीच्या धाग्यांची जुडी टांगतात. अंड्यांचे कवच टणक असल्याने ती बोटांनी वेचता येतात, सु. २–३ आठवड्यांत पिले बाहेर येतात. वार्षिक जातींसाठी तळाशी पीट (अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुगा) ठेवतात. अंडी घातल्यावर ते काढून, पिळून, दमट असतानाच पिशवीत भरतात. पिशवीवर जाती, ठिकाण व दिनांक लिहितात. नॉ. गुंथेरीची अंडी सु. ३ महिन्यांत, तर नॉ. राकोवीची ६ महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा तयार होतात. भ्रूणाचे डोळे भिंगातून स्पष्ट दिसू लागल्यावर पीट थंडसर पाण्यात भिजवितात. काही तासांतच पिले पोहू लागतात. घाईने भिजविल्यास पुष्कळ पिलांचा वाताशय हवेने भरत नाही व ती तळाशी सरपटत राहतात. न फुटलेल्या अंड्यांसाठी पीट पुन्हा सुकवून ठेवतात. अशी अंडी टपालानेही पाठविता येतात.

संवर्धन : अनेक जातींचा अधिवास एखादे डबके, ओढा किंवा झरा एवढाच असल्याने त्या सहज नष्ट होतात. मेक्सिकोतील एल पोतोसी येथील झरा पाण्याच्या उपशामुळे आटला. तेथील सायप्रिनोडॉन अल्वारेझी ही जाती केवळ बंदिस्त स्थितीत उरली. तिच्याबरोबर राहणारी मेगप्सिलॉन अपोरस ही जाती मात्र २०१४ मध्ये शेवटचा पाळलेला नर मेल्यावर नामशेष झाली. निसर्गात नाहीशा झालेल्या जातीचा शुद्ध वंश केवळ टाकीत उरतो, तेव्हा त्याची नोंद व निगा या दोहोंवरच तिचे अस्तित्व अवलंबून असते.