खडकावरील मोहरी आणि स्फुरदाचा प्रश्न

मोहरीच्या कुळाची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचे कारण नाही. चार पाकळ्यांचे फूल ही त्याची ठळक खूण होय. कोबी, मुळा, नवलकोल व अळीव ही सर्व त्याच घराण्यातील. त्यांच्या एका रानटी भावंडाची हकीकत येथे देत आहो. कारण स्फुरदयुक्त खताचा खर्च ज्यास जाणवतो, त्यास ती उपयोगी पडेल.

या वनस्पतीस शास्त्रात अरॅबिस अल्पिना म्हणतात. १७५३ साली लिनियसने तिची नोंद केली. फूल पांढरे, उंची वीत-दीड वीत, आयुष्य अनेक वर्षांचे. युरोपातील आल्प्स व पूर्व आफ्रिकेतील उंच पर्वत येथे ती खडकांच्या फटींत व दगडगोट्यांत वाढते.

अशा जागी स्फुरद अल्प, आणि असेल तेही जखडलेले. आमच्या चुनखडीच्या जमिनींतही घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बांधला जातो, हे सर्वश्रुत आहे. ज्वारी, मका, तूर, कांदा इत्यादी पिके या अडचणीवर एक तोड काढतात. मायकोरायझा नावाची बुरशी त्यांच्या मुळांत शिरते, आपले तंतू मातीत दूरवर पसरून स्फुरद आणून देते व मोबदल्यात साखर घेते. मोहरीच्या कुळाने मात्र ही भागीदारी फार पूर्वीच सोडली आहे.

मग खडकावरील ही मोहरी जगते कशी? जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी फ्रान्समधील गॅलिबिए खिंडीच्या परिसरातील झाडांची मुळे तपासली. त्यांत निराळ्याच गटातील एक बुरशी आढळली. मुळांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी खूण केलेले स्फुरद ठेवले असता त्या बुरशीने ते झाडापर्यंत पोहोचविले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. जुना भागीदार गेला, तरी गरजेपोटी नवा जोडला गेला, असा याचा अर्थ होय.

यावरून उद्या मोहरीस खत लागणार नाही, असे कोणी समजू नये. प्रयोगशाळा निराळी व शेत निराळे. परंतु दोन गोष्टी आजच ध्यानी धरण्यासारख्या आहेत.

पहिली, खरेदीची. मायकोरायझाच्या पुड्या बाजारात मिळतात. कांद्यास वा मक्यास त्या उपयोगी पडू शकतात. मोहरी, कोबी, मुळा यांवर तो पैसा व्यर्थ होय. विकत घेण्यापूर्वी पिकाचे कूळ विचारावे.

दुसरी, फेरपालटीची. कोबी वा मोहरी उभी असेतो जमिनीतील त्या बुरशीस यजमान मिळत नाही व तिचे बळ घटते. पाठोपाठ कांदा घेणाऱ्याने याचा विचार करावा. मध्ये एखादे कडधान्य वा तृणधान्य घेतल्यास, आणि नांगरट बेताची ठेवल्यास, ती पुन्हा सावरते.

आपल्या देशास स्फुरदाचा दगड बहुतांशी परदेशांतून आणावा लागतो. अशा वेळी आपल्या मातीत फुकट राबणारा हा गडी उपाशी ठेवणे कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नाही, असे आम्हांस वाटते.