गोधडी आधी, माइक नंतर

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. आणि सुरुवात माझ्याच एका वाया गेलेल्या रेकॉर्डिंगपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायचं ठरवलं. गावच्या घरात सतत माणसांची ये-जा, कोंबडे, समोरून एसटी. म्हणून मी जरा डोकं चालवलं. काकांचा नवा फ्लॅट तयार होता, सामान अजून यायचं होतं. दारं-खिडक्या बंद केल्या की एकदम शांत. आजीला सतरंजीवर बसवलं, समोर नवाकोरा कंडेन्सर माइक. ती तासभर गायली. रात्री इअरफोन लावून ऐकतोय, तर आजी विहिरीत बसून गातेय! एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर. ओवी कुठली, काही कळेना.

घुमणं कमी करणारी सॉफ्टवेअर असतात, तीही वापरून पाहिली. घुमणं थोडं उतरलं, पण सोबत आजीचे ‘स’ आणि ‘त’ही गेले. पुन्हा बसशील का विचारलं, तर म्हणाली, "आता दम पुरत नाही रे." आणि मी काय करत होतो? आणखी महाग माइक शोधत होतो. माइक बिचारा बरोबरच होता. त्यानं खोली जशी होती तशी टिपली.

इथे एक गोंधळ आधी सोडवू. बाहेरचा आवाज आत न येऊ देणं हे एक काम, आणि आतला आवाज आत घुमू न देणं हे दुसरं. पहिल्याला लागतं वजन आणि फटी बंद करणं : जाड भिंत, भरीव दार, खिडकीच्या कडांना रबराची पट्टी. भाड्याच्या खोलीत हे फारसं जमत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी फोम लावून थांबत नाही, कितीही चिकटवा. दुसरं काम मात्र घरातल्या सामानानं होतं, आणि रेकॉर्डिंगचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. काकांचा फ्लॅट शांत होता, पण घुमत होता.

हे मोजून दाखवणारा पहिला माणूस म्हणजे वॉलेस सॅबिन. 1895 साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेला शब्द साडेपाच सेकंद विरायचा नाही. तरुण प्राध्यापक सॅबिनला सांगितलं, काहीतरी कर. तो रात्री सगळं सामसूम झाल्यावर ऑर्गनची नळी वाजवायचा आणि स्टॉपवॉच धरून बसायचा. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणायच्या, मांडायच्या, पुन्हा मोजायचं. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी. खोलीच्या ध्वनीचं शास्त्र असं गाद्या वाहून सुरू झालंय, त्यामुळे आपण गोधडी टांगतो यात लाजण्यासारखं काही नाही.

आता आपली नेहमीची खोली घ्या. दहा बाय दहा, खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टर. सगळं टणक. आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये चेंडूसारखा उडत राहतो. टाळी वाजवा, मागे ‘टर्रर्र’ असं ऐकू येईल. समोरासमोर बोलताना हे जाणवत नाही, कारण दोन कान आणि मेंदू मिळून ते बाजूला सारतात. माइक तसं करत नाही.

त्यात चौकोनी खोलीची वेगळीच खोड. दहा फुटांच्या अंतरात साधारण 56 आणि 112 हर्ट्झचे सूर अडकून फुगतात. लांबी-रुंदी सारखीच असेल तर दोन्हीकडून तेच सूर. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे 112 नेमका मध्येच. काही शब्दांवर आवाज उगाच ढोलासारखा होतो तो यामुळे. म्हणून खोलीच्या अगदी मधोमध किंवा कोपऱ्यात बसू नका.

अंड्यांचे ट्रे? नको. पातळ पुठ्ठा आवाज शोषत नाही, पेटतो मात्र पटकन. एक इंची फोमचंही फार कौतुक नको. तो फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज खातो आणि खालचं घुमणं तसंच ठेवतो, मग आवाज मंद आणि डबडबीत होतो. खालच्या आवाजाला जाडी लागते. कायमची खोली करायची असेल तर इन्सुलेशनच्या दुकानात 50 मिलिमीटरचे रॉकवूल स्लॅब मिळतात. दोन एकावर एक ठेवून लाकडी चौकटीत बसवा, वर फुंकर आरपार जाईल असं सुती कापड ताणा, आणि भिंतीपासून चार बोटं सोडून लावा. मागची हवा फुकटात जाडीचं काम करते. हाताळताना मास्क आणि हातमोजे घालाच, खाज भयंकर सुटते.

तोवर गोधड्या. भिंतीला चिकटवू नका, दोरीवर थोड्या पुढे टांगा. आणि पहिली गोधडी तुमच्या पाठीमागे! बहुतेक जण माइकच्या मागे फोम लावून थांबतात. पण माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या मागची भिंत त्याला सरळ ‘दिसते’. दुसरी समोर, जिकडे तोंड करून बोलता तिकडे. खाली चटई नाही, जाड गादी. कपाट कपड्यांनी भरलेलं असेल तर दार उघडंच ठेवा. लोखंडी असेल तर आधी बोटानं वाजवून बघा, ते स्वतःच गुणगुणतं.

मग माइक जवळ घ्या. अंतर अर्धं केलं की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो, खोलीचं घुमणं जवळपास तेवढंच राहतं. एक वीत अंतर पुरे, तोंडाच्या थोडं बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा वारा बसत नाही. पंखा बंद. हो, मे महिन्यातसुद्धा. दहा मिनिटं बोला, पंखा लावा, पाणी प्या, पुन्हा बोला.

गेल्या दिवाळीत आजी पलंगावर बसून आपणहून चार ओव्या म्हणाली. खाली कापसाची गादी, मागे वाळत घातलेल्या साड्या, हातात माझा साधा फोन. त्या चार ओव्यांमधला शब्द न् शब्द कळतो. पुढच्या भागात त्याच ऐकवणार आहे. तोवर तुमच्या खोलीत एक टाळी वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा, मग पाठीमागे गोधडी टांगून तीच टाळी पुन्हा. दोन्ही इअरफोन लावून ऐका.