परिपाठातली नऊ सप्टेंबर

शाळेच्या परिपाठात प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, की एक मूल पुढे येतं आणि दिनविशेष वाचतं. दोन मिनिटांचं काम. अमुक साली अमक्यांचा जन्म, तमुक साली तमक्यांचं निधन, कुठे लढाई, कुठे शोध. मी शहादा तालुक्यात इतिहास शिकवला आणि आता पुरुषोत्तमनगरला राहते. शेजारची मुलं अजूनही आदल्या संध्याकाळी दारात येतात, "बाई, उद्याचं काय लिहू?" हातात बहुधा मोबाइलवरून उतरवलेली यादी असते. यादी खरी असते. पण त्यातली माणसं एकाच तारखेखाली कशी आली, हे तिच्यात नसतं. मला तेच महत्त्वाचं वाटतं, आणि ते सांगायला आमच्या नंदुरबार जिल्ह्याचीच तारीख घेते : ९ सप्टेंबर.

१९४२ साली नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. व्यापारी गाव, घरांतून गुजराती आणि बाजारात मराठी-अहिराणी. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली, त्याला बरोबर महिना होत होता. ९ सप्टेंबरला नंदुरबारात निघालेल्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता होता. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा, म्हणजे वय पंधरा. आपल्याकडे नववी-दहावीत बसतो तेवढा मुलगा. पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि गोळ्या झाडल्या. नंदुरबारात आजही सांगतात, की पोलिसाची बंदूक मुलींकडे वळली तेव्हा हातात तिरंगा घेतलेला हा मुलगा मध्ये जाऊन उभा राहिला. तो गेला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. मुलं शिरीषकुमारचं नाव घेऊन थांबतात, म्हणून मी पाचही नावं लिहायला लावते. फळ्यावर जागा नसेल तर दुसरं काहीतरी पुसावं.

त्याच दिवशी, म्हणजे त्याच वर्षीच्या त्याच ९ सप्टेंबरला, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आणखी एक गोष्ट घडली. जपानी पाणबुडीवरून उडालेलं एक छोटं विमान अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या जंगलावर आलं आणि त्याने आग लावणारे बॉम्ब टाकले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या विमानाने बॉम्ब टाकण्याची ती पहिलीच वेळ. जंगल ओलं होतं, वणवा पेटला नाही. वैमानिकाचं नाव नोबुओ फुजिता. युद्ध संपल्यावर, १९६२ साली, जवळच्या ब्रुकिंग्ज गावाने त्याला पाहुणा म्हणून बोलावलं आणि त्याने आपल्या घराण्याची चारशे वर्षांची तलवार त्या गावाला देऊन टाकली. तिकडे सकाळ होती तेव्हा नंदुरबारात दिवे लागले होते आणि पाच घरांत आकांत चालला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मी त्या शेजारी लिहू देते, कारण एकच महायुद्ध दोन्हीकडे पोचलं होतं. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलं नसतं, तर १९४२च्या उन्हाळ्यात 'भारत छोडो' एवढ्या निकराला आलं असतं का, हा प्रश्न दहावीच्या मुलाला विचारता येतो.

याच तारखेला, ९ सप्टेंबर २०१२ रोजी, नडियादला वर्गीस कुरियन गेले. पुरुषोत्तमनगरच्या मुलाला हे नाव माहीत असायलाच हवं. आमची वस्तीच पी. के. अण्णा पाटील यांनी उभ्या केलेल्या सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवतीची. कुरियन यांनी आणंदला दुधात जे केलं, तेच विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला उसात केलं : माल पिकवणारा हाच कारखान्याचा मालक. शिरीषकुमार आणि कुरियन एका तारखेला आले हा निव्वळ योगायोग. योगायोगाला योगायोगच म्हणावं. त्यात काही संकेत आहे असं मुलांच्या मनात भरवलं, तर इतिहासाचं पंचांग होऊन बसेल.

तिसरं नाव टॉलस्टॉय यांचं. जन्म ९ सप्टेंबर १८२८, असं यादीत असतं. हा धागा मात्र खरा आहे. टॉलस्टॉय यांनी १९०८ साली एका हिंदी तरुणाला लिहिलेल्या पत्राचा गांधीजींनी गुजरातीत अनुवाद केला. १९१० साली ट्रान्सवालमधल्या आपल्या वसाहतीला त्यांनी टॉलस्टॉय यांचंच नाव दिलं. शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजरातीच होती. विचार तारखेने नाही, असा माणसामाणसांतून चालत येतो.

पण टॉलस्टॉय जन्मले त्या दिवशी त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर ९ सप्टेंबर नव्हती. २८ ऑगस्ट होती. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालत होती आणि ती ऋतूंच्या बारा दिवस मागे पडली होती. रोमन काळात वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचं धरलं गेलं. प्रत्यक्षात ते सुमारे अकरा मिनिटांनी कमी असतं. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण शतकं लोटली की त्यांचे दिवस होतात. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळून हिशेब जुळवला : ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. कॅथलिक देशांनी ते लगेच मानलं. इंग्रजांनी एकशे सत्तर वर्षं मानलं नाही. मानलं तेव्हा बुधवार २ सप्टेंबर १७५२नंतर गुरुवार १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे इंग्रजांच्या राज्यात ९ सप्टेंबर १७५२ हा दिवस झालाच नाही. त्या तारखेला कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही. हे सांगितलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

आपल्या इतिहासात याचा जिवंत परिणाम आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, आणि ६ जून १६७४चा. रायगडावर त्या वेळी हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील हजर होता आणि इंग्रजांचं कॅलेंडर जुनं होतं, म्हणून ६ जून. तोच दिवस पोर्तुगीजांच्या कॅलेंडरवर १६ जून होता. रायगडावर आजही सोहळा दोनदा होतो, एकदा तारखेने, एकदा तिथीने. लोक त्यावर भांडतात. मला वाटतं भांडू नये. तिथी ही रायगडावर बसलेल्या माणसांची आहे, ६ जून ही तिथे आलेल्या पाहुण्याची. खटकायला हवी ती वेगळी गोष्ट : आपल्या दिनविशेषात टॉलस्टॉय यांची तारीख नव्या कॅलेंडरवर बदलून घेतलेली असते आणि महाराजांच्या राज्याभिषेकाची जुनीच ठेवलेली असते. एकाच फळ्यावर दोन मापं. यात खोटं काही नाही, पण मुलांना ते सांगायला हवं.

काही तारखा मात्र माणसांनी जाणूनबुजून एकावर एक ठेवल्या. २६ जानेवारी १९३० रोजी काँग्रेसने पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घ्यायला लावली होती. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारलं गेलं, तरी प्रजासत्ताक सुरू करायला पुन्हा ती २६ जानेवारी निवडली. १५ ऑगस्टचं तसंच. माउंटबॅटन यांनी ती तारीख धरली, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली होती. आणि १५ ऑगस्ट १९४२ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, गांधीजींबरोबर कैदेत असताना, महादेवभाई देसाई वारले होते. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. एकाच तारखेत एक निवड आणि एक मृत्यू. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात महादेवभाईंचं नाव मी फारसं ऐकलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

९ ऑगस्ट आमच्याकडे आता दुहेरी झाली आहे. एकीकडे क्रांतिदिन, दुसरीकडे जागतिक आदिवासी दिन. ९ ऑगस्ट १९८२ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, आणि १९९४च्या डिसेंबरात आमसभेने तीच तारीख पक्की केली. ज्या जिल्ह्यात शंभरातली सुमारे ६९ माणसं आदिवासी आहेत, तिथे ही तारीख कागदावर राहत नाही. ढोल घेऊन, तीरकमठे घेऊन लोक रस्त्यावर येतात. त्याच तारखेला १९४५ साली नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. तो ११ तारखेला टाकायचा होता, हवामान बिघडणार म्हणून दोन दिवस अलीकडे ओढला. आणि टाकायचा होता कोकुरा शहरावर, पण तिथे खालचं काही दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. तारीखही हवेने ठरवली आणि गावही. हे वाचून दाखवायला मुलाला मी एकट्याला पुढे करत नसे, स्वतः सोबत उभी राहायची.

आणि मग १ जून. गळीत हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं आसपासच्या शाळांत येतात, कुणी धडगावकडून, कुणी अक्कलकुव्याकडून. त्यांचे दाखले पाहिले तर जन्मतारीख पुन्हा पुन्हा तीच : १ जून. महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी जुन्या पिढीत हे आढळेल. मूल नाव घालायला आणलं, जन्माची नोंद नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तेव्हा गुरुजींनी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहून टाकला. हजारो माणसं एका दिवशी जन्मली ती अशी, हजेरीपटावर. घरच्यांना मात्र जन्म नीट आठवतो. आई सांगते, काठीच्या होळीनंतर पाचव्या दिवशी. किंवा, ज्वारीची कापणी चालू होती तेव्हा. सातपुड्यात काठीची राजवाडी होळी हा वर्षाचा मोठा खुंटा आहे, आणि त्याला बांधलेली आठवण फार कमी वेळा चुकते.

कारखान्याचंही असंच मुहूर्त आणि तारीख दोन्हींवर चालतं. बॉयलरचं अग्निप्रदीपन दसऱ्याच्या सुमारास मुहूर्त पाहून, गाळप कधी सुरू करायचं ते मात्र सरकारने ठरवलेल्या तारखेनुसार. गव्हाणीत मोळी टाकताना नारळ फुटतो, आणि रजिस्टरात तारीख पडते.

गंमत अशी, की १ जूनला शाळेला सुट्टी असते. म्हणजे ज्यांचा वाढदिवस १ जून, त्यांचं नाव परिपाठात कधीच वाचलं जात नाही. म्हणून परिपाठ घेणाऱ्या ओळखीच्या शिक्षकांना मी एक सुचवलं : या मुलांच्या आयांना विचारा, आणि होळीच्या आठवड्यात, कुटुंबं परत निघायच्या आधी, दिनविशेषात त्यांची नावं घ्या. दोघांनी ते सुरू केलं आहे. मूल पुढे येऊन सांगतं, माझा जन्म होळीनंतरचा, तेव्हा माझे आईवडील अमुक गावी होते. दाखल्यावर १ जूनच राहते, ती बदलायचा आग्रह कुणी धरत नाही.