पाटकऱ्याच्या हातातली किल्ली

लेखमाला : ख्रिस्ती माणूस आणि अधिकार
लेखांक ६



गेल्या आठवड्यात आपण मत्तय २८:१८ पाशी थांबलो होतो. स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सगळा अधिकार आपल्याला देण्यात आला आहे, असं मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना सांगतो आणि लगेच त्यांना पाठवतो. ते वाचून श्रीरामपुरातल्या एका प्रार्थनागटातल्या ताईंनी विचारलं, "सगळा अधिकार त्याचा, तर मग आपल्या वाट्याला काय आलं? आणि जे आलं ते वापरायचं कसं?" आजचा लेखांक या प्रश्नासाठीच आहे.

पाणी धरणाचं, किल्ली पाटकऱ्याची

आपला श्रीरामपूर तालुका कालव्याच्या पाण्यावर उभा राहिला. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. तिथून सोडलेलं पाणी नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि पुढे डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली उतरतं. या पाण्यावर ऊस आला, कारखाने आले, बाजारपेठ आली. म्हणून अधिकाराची गोष्ट आपण या पाण्यापासूनच सुरू करू.

लहानपणी मी चुलत्यांबरोबर रात्रीचं दारं धरायला जात असे. थंडीचे दिवस, आवर्तन सुटलेलं. चारीच्या तोंडाशी पाणी सोडणारा पाटकरी कंदील घेऊन उभा असायचा. काखेत वही, कुणाचा किती ऊस, कुणाची पाळी किती वाजता, सगळं त्यात लिहिलेलं. तो कुलूप काढायचा, दाराचं चाक फिरवायचा. आधी चारीच्या तळातला सुका पाला सळसळायचा, मग काळोखातून पाणी यायचं.

पाटकरी अंगाने किरकोळ होता. भंडारदऱ्याचं पाणी अडवायची किंवा ओढून आणायची ताकद त्याच्या दंडात कुठून असणार? तरी त्याने दार उघडलं की दहा-पंधरा एकर भिजत आणि त्याने बंद केलं की मोठ्यातला मोठा बागायतदारही हात चोळत बसे. त्याच्या हातात जे होतं त्याला अधिकार म्हणतात. धरणात जे होतं ते सामर्थ्य.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. सामर्थ्याला 'दुनामिस' आणि अधिकाराला 'एक्सुसिया'. लूक ९:१ मध्ये येशू बारा जणांना दोन्ही देतो. पण दोन्हींचा उगम त्याच्यापाशीच राहतो. शिष्याच्या हाती किल्ली येते. धरण त्याच्या नावावर होत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये जो गोंधळ होतो, तो बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. किल्ली हाती आली की पाणीही आपलंच वाटू लागतं.

कफर्णहूमच्या शताधिपतीला हे नेमकं कळलं होतं (मत्तय ८:५-१३). तो रोमी सैन्यातला, शंभर शिपायांचा नायक. शिपायाला 'जा' म्हटलं की तो जातो, हे तो येशूला सांगतो. पण त्याआधी तो स्वतःची ओळख काय देतो ते पाहा. मीसुद्धा कुणाच्या तरी अधिकाराखाली आहे, असं तो म्हणतो. वरच्याचं ऐकतो म्हणून खालचे त्याचं ऐकतात. वरचा धागा तुटला, तर त्याच्या आवाजात नुसता मोठेपणा उरेल, हुकूम उरणार नाही. येशूने त्याच्या विश्वासाचं नवल केलं, ते या समजुतीसाठी.

पहिला अधिकार लेकरू होण्याचा

'आपल्या वाट्याला काय आलं' याचं पहिलं उत्तर योहान १:१२ मध्ये आहे. ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला. तिथेही शब्द 'एक्सुसिया' हाच आहे. भुतं काढण्याच्या, रोग बरे करण्याच्या आधी हा अधिकार येतो.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला या ओळीचं मोल वेगळं सांगायला नको. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं आणि पुढे खेडोपाडी ज्यांनी सुवार्ता स्वीकारली, त्यांतले पुष्कळ जण महार आणि मांग समाजांतले होते. गावच्या पाणवठ्याला ज्यांना शिवू देत नसत, चावडीपुढे ज्यांना लांब उभं राहावं लागे, त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही देवाच्या घरचे आहात. हा अधिकार कुणा पाटलाने दिला नव्हता, म्हणून कुणा पाटलाला तो काढून घेता येणार नव्हता. आपले आजे-पणजे ताठ मानेने चालू लागले ते या बळावर.

आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्याच्या अधिकाराचे फटके सोसले, त्यांच्या मंडळीत कुणी पाळक, कुणी पंच, कुणी प्रार्थनागटाचा पुढारी त्याच जुन्या पाटीलकीच्या सुरात बोलू लागला, तर आपण सुवार्तेची उलटी चाल चालतो आहोत.

पाणी आलं, तरी चूक झाली

गणना २० हा अध्याय प्रत्येक सेवकाने वर्षातून एकदा तरी वाचावा. कादेश इथे लोक तहानेने कासावीस झाले आहेत आणि मोशेशी भांडत आहेत. काठी घे आणि खडकाशी बोल, म्हणजे पाणी येईल, असं देव मोशेला सांगतो. मोशे रागावलेला असतो. तो लोकांना बंडखोर म्हणतो, 'आम्ही' तुमच्यासाठी पाणी काढायचं का, असं विचारतो आणि खडकावर दोनदा काठी मारतो.

पाणी येतं. भरपूर येतं. माणसं पितात, जनावरं पितात. त्या घटकेला कुणी लोकांना विचारलं असतं, तर मोशेचा अधिकार पुरता सिद्ध झाला, असंच ते म्हणाले असते. पण देव मोशेला आणि अहरोनाला सांगतो की तुम्ही या लोकांना वचनदत्त देशात नेणार नाही, कारण तुम्ही माझं पावित्र्य त्यांच्यापुढे राखलं नाही.

पाणी आलं ते तहानलेल्यांवरच्या देवाच्या दयेमुळे. ती मोशेच्या वागण्याला मिळालेली पावती नव्हती. हे आपण मनावर कोरून घ्यायला हवं. एखाद्या सभेत कुणाला बरं वाटलं, कुणाचं दुखणं हललं, तर देवाची स्तुती जरूर करू. पण तेवढ्यावरून व्यासपीठावरच्या माणसाचा प्रत्येक शब्द देवाचा ठरत नाही.

माझ्या नात्यातल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांना एका सभेत सांगण्यात आलं की खरा विश्वास असेल तर शुगरच्या गोळ्या बंद करा. त्यांनी केल्या. काही महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. त्या म्हणाल्या, "माझाच विश्वास कमी पडला का रे?" अंगठ्यापेक्षा मोठी इजा ती होती. किल्ली दुसऱ्याने चुकीची फिरवली आणि दोष शेताने स्वतःकडे घेतला.

शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता; पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलं आहे (कलस्सै ४:१४). पौलाबरोबर प्रवास करताना त्याने आपली विद्या टाकून दिली, असं पवित्र शास्त्र कुठेही सांगत नाही. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत नगरच्या बूथ हॉस्पिटलने रुग्णांसाठी दारं उघडली, तेव्हा तिथल्या सेवकांच्या हातात औषधही होतं आणि ओठांवर प्रार्थनाही. देवाचा अधिकार दोन्हीतून चालतो. 'वैद्याकडे जाऊ नका' असं सांगण्याचा अधिकार प्रभूने कुणाला दिलेला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं किंवा साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवणं हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

प्रेषितांची कृत्ये १९ मधले स्किवाचे सात मुलगेही इथे आठवावेत. भुतं काढायला त्यांनी येशूचं नाव उसनं घेतलं. ज्याचं नाव घेतो त्याच्याशी नातं मात्र नव्हतं. शेवटी त्यांना घायाळ होऊन, उघडेवाघडे पळावं लागलं. नाव म्हणजे मंत्र नव्हे. पाठवणाऱ्याशी ओळख नसेल, तर त्याच्या नावाने बोलता येत नाही.

हाती असून न वापरलेला अधिकार

अधिकार वापरण्याइतकंच तो आवरणंही महत्त्वाचं असतं. पौल करिंथकरांना सांगतो की मंडळीने माझा खर्च करावा हा माझा हक्क आहे, पण सुवार्तेला अडथळा नको म्हणून मी तो बजावला नाही (१ करिंथ ९). आपल्याला मिळालेला अधिकार उभारणीसाठी आहे, पाडण्यासाठी नाही, हे तो दुसऱ्या पत्रात दोनदा लिहितो (१०:८ आणि १३:१०).

आपल्याच जिल्ह्यात वावरलेल्या एका माणसात हे दिसतं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात नवऱ्याचा शब्द घरात शेवटचा असे. तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली. मधली वर्षं दोघांनाही जड गेली. ताटातूट झाली, डोळ्यांतलं पाणी आटलं नाही. लक्ष्मीबाई पुन्हा एकत्र राहायला आल्या, तेव्हाही आपला सोवळ्याचा स्वयंपाक सांभाळून राहिल्या. त्यांचा निर्णय त्यांच्या मनात पिकला. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला टिळकांचा तापट स्वभाव ठाऊक असतो. अशा माणसाने बायकोच्या विवेकावर नवरेपणाची काठी मारली नाही, हे मला त्यांच्या कवितेइतकंच मोठं वाटतं. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली आणि ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा 'देवाचा दरबार' उभारला. ज्या पदाने मान मिळतो तेच पद लोकांच्या आणि ख्रिस्ताच्या मध्ये येतं, असं वाटलं तेव्हा त्यांनी ते खाली ठेवलं.

आणि या सर्वांच्या वर योहान १३. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे हे येशू जाणून होता, असं योहान आधी सांगतो. मग तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. सगळा अधिकार असलेल्या हातांनी उचलला तो रुमाल आणि पाण्याचं भांडं.

टेलपर्यंत

कालव्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला 'टेल' म्हणजे काय ते कळतं. वरच्यांनी दारं जास्त वेळ उघडी ठेवली की शेवटच्या शेतकऱ्याचं वावर कोरडं राहतं. नमुना नंबर सातवर त्याचाही मागणी अर्ज असतो, त्याचीही पाळी वहीत असते. पाणी मात्र पोचत नाही.

चुलते सांगायचे, चांगला पाटकरी ओळखायचा तर वरच्या बागायतदाराला विचारू नये, टेलच्या माणसाला विचारावं. मंडळीतही तसंच आहे. आपल्या अधिकाराची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. शेवटच्या बाकावर बसणारी विधवा, बाहेरगावाहून ऊसतोडीला आलेलं कुटुंब, अंगठा गमावलेल्या मावशी, यांच्यापर्यंत आपल्या हातून काय पोचलं, तिथे ती होते.

मी मावशींना सांगितलं, "मावशी, तुमचा विश्वास कमी पडला नाही. सांगणाऱ्याने त्याला न दिलेलं सांगितलं." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आता प्रार्थना कर. आणि गोळीची वेळ झाली का बघ."

मी दोन्ही केलं.

या आठवड्यात गटात बोलण्यासाठी

१. घरात, कामावर, मंडळीत माझ्या हाती कोणती किल्ली आहे? ती मला कुणी दिली?
२. माझ्या कामाचं फळ दिसतं म्हणून मी माझी वागणूक तपासायची टाळतो का?
३. माझ्या 'टेल'ला कोण आहे? या आठवड्यात त्यांच्यापर्यंत काय पोचवता येईल?

वाचन : गणना २०:१-१३, योहान १३:१-१७.

पुढील लेखांक : क्षमा करण्याचा अधिकार (योहान २०:२१-२३)