एक नाव, दोन गावे

टनकपूर सोडून मोटार कुमाऊंच्या डोंगरांत शिरते. चंपावत, लोहाघाट, पिथौरागड ही गावे मागे टाकीत, देवदार व चीड यांच्या वनांतून वळणे घेत रस्ता जौलजीबीस उतरतो. तेथे गोरी नदी कालीस मिळते. पुढे धारचुल्यापर्यंत काली उजव्या हातास सोबत करते.

नदीच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. ही सीमा १८१६ च्या सुगौली तहाची. अलीकडे धारचुला, पलीकडे दार्चुला. नाव एकच, मध्ये झुलता पूल. तो ओलांडण्यास उभय देशांच्या नागरिकांस पारपत्र लागत नाही. वरच्या खोऱ्यांतील रं लोकांचे सोयरेधायरे दोन्ही तीरांवर आहेत. त्यांचे पूर्वज लिपुलेख खिंडीने तिबेटात धान्य नेत व मीठ, लोकर आणीत. १९६२ च्या युद्धाने तो व्यापार थांबला, तो १९९२ साली पुन्हा सुरू झाला.

२०२० च्या साथीत पूलही बंद झाला, तेव्हा काही नेपाळी मजूर घराच्या ओढीने कालीच्या प्रवाहात उतरले! वाटण्या झालेल्या घरांत भिंत उभी राहते; परंतु शहाणे वडील तीत एक दार ठेवतात. ते दार किती मोलाचे, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.