ध्वनिक प्रतिध्वनिनिरसक

ध्वनिक प्रतिध्वनिनिरसक : दूरध्वनीचे उपकरण हाती न धरता संभाषण करताना ध्वनिक्षेपकातून बाहेर पडलेला आवाज त्याच उपकरणाच्या ध्वनिग्राहकात शिरतो, तो जाणाऱ्या संदेशातून वजा करणारी योजना. मोटारगाडी, सभाकक्ष, संगणक, भ्रमणध्वनी इ. ठिकाणी ती बहुधा लहानशा संकलित मंडलात म्हणजे चिपमध्ये अंतर्भूत केलेली असते.

समस्येचे स्वरूप : हाती धरलेल्या उपकरणात ध्वनिग्राहक तोंडापासून काही सेंमी.वर असतो. हे अंतर ५ सेंमी.वरून ५० सेंमी. झाल्यास मोकळ्या जागेत वाणीची पातळी सु. २० डेसिबेलने घटते. उलट ध्वनिक्षेपक मात्र ध्वनिग्राहकाच्या जवळच असतो. परिणामी पलीकडच्या व्यक्तीला स्वतःचेच शब्द थोड्या विलंबाने ऐकू येतात व ती बोलताना अडखळते. दोष एका टोकाच्या उपकरणात आणि त्रास दुसऱ्या टोकाच्या माणसाला, असे या प्रतिध्वनीचे वैशिष्ट्य आहे. विलंब जितका अधिक तितका प्रतिध्वनी असह्य होतो. सु. ३५,८०० किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत बोलताना तो अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिराने परततो.

इतिहास : प्रारंभी एक बाजू बोलत असता दुसरी बाजू बंद करणारे प्रतिध्वनिरोधक वापरीत; त्यामुळे मध्येच बोलणाऱ्याचे शब्द तुटत. बर्नार्ड विड्रो व मार्शियन हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेली लघुतम माध्य वर्ग रीती अनुकूली गालकांना पायाभूत ठरली. बेल प्रयोगशाळेतील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये अनुकूली प्रतिध्वनिनिरसकाचे विवेचन प्रसिद्ध केले. त्याच संस्थेतील डॉनल्ड डटवायलर व चेन यांनी १९८० मध्ये एकाच चिपवरील निरसकाचे वर्णन केले. हे निरसक तारमार्गातील प्रतिध्वनीसाठी होते. खोलीतील प्रतिध्वनी अधिक काळ टिकतो व माणूस हलला तरी बदलतो, म्हणून त्याचे निरसन अधिक कठीण असते.

कार्यपद्धती : ध्वनिक्षेपकाकडे जाणारा संदेश निरसकाला आधीच ज्ञात असतो. त्यावरून अंकीय गालक प्रतिध्वनीची प्रतिकृती तयार करतो व ती ध्वनिग्राहकाच्या संदेशातून वजा करतो. उरलेल्या त्रुटीनुसार गालकाचे गुणक सतत सुधारले जातात. दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन ०·१२८ सेकंदाचा प्रतिध्वनी हाताळण्यास १,०२४ गुणक लागतात. गालन व सुधारणा मिळून सेकंदाला सु. १ कोटी ६४ लक्ष गुणाकार होतात. यासाठीच जलद गुणाकार करणारे खास संस्कारक उपयुक्त ठरले.

दोन्ही व्यक्ती एकदम बोलू लागल्यास जवळची वाणी त्रुटी समजली जाऊन गुणक बिघडतात. म्हणून अशी स्थिती ओळखून सुधारणा तात्पुरती थांबवावी लागते. लहान ध्वनिक्षेपक मोठ्या आवाजात विरूपण निर्माण करतो. ते रेषीय गालकाने जात नसल्याने उर्वरित प्रतिध्वनी दाबण्यासाठी स्वतंत्र टप्पा असतो.

गोंगाट कमी करणे : परस्परांपासून ५ सेंमी. अंतरावरील दोन ध्वनिग्राहकांना त्यांच्या रेषेत येणारा ध्वनी सु. ०·१५ मिसे. एवढ्या फरकाने पोहोचतो. या फरकावरून ठराविक दिशेची वाणी उठावदार करता येते. दुसऱ्या पद्धतीत बोलण्यातील विरामांत गोंगाटाच्या वर्णपटाचा अंदाज घेऊन तो वजा करतात. मात्र ‘स’, ‘श’ यांसारखी घर्षक व्यंजने स्वतःच गोंगाटासारखी असतात. वजाबाकी अतिरेकी झाल्यास प्रथम तीच नष्ट होतात. आवाज शांत पण शब्द अस्पष्ट, अशी अवस्था येते. अलीकडे यासाठी शिक्षित तंत्रिका जालांचाही वापर होतो.

महत्त्व : यूरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींत अपघातसमयी ११२ या क्रमांकाशी आपोआप संपर्क साधणारी यंत्रणा सक्तीची झाली. जखमी व्यक्तीला हात हलविता येईलच असे नाही. तिचा क्षीण आवाज वाहतुकीच्या गोंगाटातून व निरसकाच्या वजाबाकीतूनही मदतकेंद्रास समजला पाहिजे. म्हणून अशा चिपची खरी कसोटी किती आवाज काढून टाकला यापेक्षा किती शब्द शाबूत राहिले यावर ठरते.